नकाशाचं जिगसॉ: निवडायचं कसं, खेळायचं कसं

‘मुलगी जगाचं पझल भराभर जुळवते, पण पेरू कुठे आहे विचारलं की गप्प. मग या खेळण्याचा उपयोग काय?’ बेंगळुरूतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो. त्याच्या जोडीला आणखी काही प्रश्न असतात. साठ तुकड्यांचं घ्यावं की तीनशेचं? परदेशातून आलेल्या नकाशात काश्मीर वेगळं दाखवलंय, ते चालेल का? एक तुकडा कमीच निघाला, आता दाद कुठे मागायची?

या सगळ्यांचं मुख्य उत्तर असं: पझल जुळलं म्हणजे भूगोल आला, असं होत नाही. भूगोल येतो तो दोन गोष्टींमुळे. एक, पझल कुठल्या रेषांवर कापलेलं आहे. दुसरी, तुकडे जुळल्यानंतर तुम्ही मुलांसोबत काय करता. पहिल्या गोष्टीचा निर्णय दुकानात होतो, दुसरीचा घरी. दोन्हींचा क्रमाने विचार करू.

आधी कापणी पाहा, मग तुकड्यांची संख्या

बाजारात नकाशाची पझल्स ढोबळमानाने तीन प्रकारची मिळतात.

- सीमांवर कापलेलं: प्रत्येक देश किंवा राज्य हा एक स्वतंत्र तुकडा. ब्राझीलचा तुकडा ब्राझीलच्याच आकाराचा. भूगोल शिकायचा असेल तर हेच घ्या. लंडनमधले नकाशे कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवर कापला आणि तो मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकला. जिगसॉचा उगम तिथलाच मानतात.
- नेहमीच्या खाचांचं: चित्र छापून ते ठरावीक साच्यात कापलेलं. एका तुकड्यावर अर्धा चाड आणि पाव लिबिया येतो. मूल इथे रंग, अक्षरं आणि खाच पाहून तुकडा लावतं. देशाकडे त्याचं लक्ष जाण्याचं कारणच नसतं. एकाग्रतेसाठी हे उत्तम आहे, पण केवळ भूगोलासाठी घेऊ नका.
- खंडांचं, खुंटी असलेलं लाकडी: मॉन्टेसरी पद्धतीत वापरतात ते. प्रत्येक खंडाचा एक तुकडा आणि त्याला धरायला लहानशी खुंटी. खंडांचे रंग ठरलेले असतात: आशिया पिवळा, आफ्रिका हिरवा, युरोप लाल, उत्तर अमेरिका नारिंगी, दक्षिण अमेरिका गुलाबी, ऑस्ट्रेलिया तपकिरी, अंटार्क्टिका पांढरा. बालवाडीच्या वयासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

डब्यावरचं चित्र पाहून कापणी कळत नाही. दुकानात उघडा नमुना मागा. ऑनलाइन घेत असाल तर सुट्या तुकड्यांचा फोटो दिसल्याशिवाय मागवू नका.

वय आणि तयारीप्रमाणे निवड

- ३ वर्षांखालील: सुटे छोटे तुकडे देऊच नका. तोंडात जाऊन घशात अडकण्याचा धोका असतो. घरात मोठ्या भावंडाचं पझल असेल तर ते उंचावर ठेवा.
- ३ ते ५: सात खंडांचं लाकडी पझल. खंड आणि महासागर ओळखता आले की पुरे.
- ६ ते ८: भारताच्या राज्यांचं पझल. २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश. आजोळ कोल्हापूरला, शाळा बेंगळुरूत, सहल केरळात, असा संबंध जोडता येतो, म्हणून जगाआधी भारत घ्या.
- ९ ते १२: देशांच्या सीमांवर कापलेलं जगाचं पझल, शक्यतो खंडवार वेगळं करता येणारं.
- १३च्या पुढे आणि मोठ्यांसाठी: राजधान्या, नद्या, पर्वत दाखवणारं मोठं पझल. खाचांचं असलं तरी आता चालेल, कारण देश आधीच ओळखीचे झालेले असतात.

वय हा अंदाज आहे. दहा वर्षांच्या मुलाला खंडच माहीत नसतील तर खंडांपासूनच सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी तपासा

१. नकाशा ताजा आहे का? काही खुणा पाहिल्या की लगेच कळतं. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला. तो वेगळा हवा. स्वाझिलँडचं नाव २०१८ पासून एस्वातिनी आणि मॅसेडोनियाचं २०१९ पासून नॉर्थ मॅसेडोनिया आहे. भारताच्या पझलमध्ये तेलंगणा (२०१४) हवा, लडाख जम्मू-काश्मीरपासून वेगळा (ऑक्टोबर २०१९) हवा, आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश (जानेवारी २०२०) हवा. जुना नकाशा नव्याने विकत घेऊ नका. घरात आधीचा असेल तर टाकूही नका. बदललेल्या नावाची चिठ्ठी मुलांकडूनच चिकटवून घ्या.

२. भारताच्या सीमा बरोबर आहेत का? सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे पाकव्याप्त प्रदेश, गिलगिट-बाल्टिस्तान आणि अक्साई चीनसह जम्मू-काश्मीर व लडाख, तसंच संपूर्ण अरुणाचल प्रदेश भारतात दिसला पाहिजे. झटपट कसोटी अशी: आपल्या अधिकृत नकाशात भारताची सीमा अफगाणिस्तानला भिडते. पझलमध्ये भिडत नसेल तर उत्तरेची सीमा चुकलेली आहे. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप आहेत का, तेही पाहा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही तरतूद प्रकाशित करणाऱ्यासाठी आहे, घरी खेळणाऱ्या मुलांसाठी नाही. मात्र चुकीच्या बाह्य सीमा दाखवणारे नकाशे देशात आयात करायलाही बंदी आहे. म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना ‘येताना जगाचं पझल आणा’ असं सांगण्यापेक्षा ते इथेच बनलेलं घ्या.

३. आकारांचं प्रमाण कसं आहे? ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसत असेल तर तो नकाशा मर्केटर प्रक्षेपणावर काढलेला आहे. हे प्रक्षेपण १५६९ मध्ये जहाजांना दिशा धरून जाता यावं म्हणून तयार झालं. त्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट आहे आणि भारत दीडपट. रॉबिन्सन किंवा विंकेल ट्रिपल प्रक्षेपणावरचं पझल मिळालं तर ते घ्या. मर्केटरच हाती आला तर घरात पृथ्वीगोल ठेवा आणि ग्रीनलँड दोन्हीकडे शेजारी शेजारी दाखवा.

४. लहान देशांचं काय केलंय? लक्झेंबर्ग, सिंगापूर, मालदीव, कॅरिबियन बेटं यांचे तुकडे फार छोटे होतात, म्हणून बनवणारे ते शेजाऱ्याला जोडतात किंवा गाळतात. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश आहेत. पझलमध्ये तेवढे तुकडे जवळपास कधीच नसतात. कोणते नाहीत त्याची यादी मुलांकडून करून घ्या. तो स्वतंत्र अभ्यासच होतो.

५. सुरक्षिततेचा शिक्का आहे का? १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून खरा आहे का ते पाहता येतं. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तू आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंचे अधिकृत उत्पादक यांना या अटीतून सूट आहे. आपल्या जवळच्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी अशी मानांकित आहेत. मात्र ‘चन्नपट्टण’ म्हणून विकलं जाणारं प्रत्येक खेळणं तिथलंच असतं असं नाही. एम. जी. रोडवरच्या कावेरी या राज्य सरकारच्या हस्तकला दालनासारख्या खात्रीच्या ठिकाणीच घ्या.

खेळायची पद्धत: सात पायऱ्या

1. आधी पाणी. तुकडे काढण्यापूर्वी रिकाम्या पाटीवर महासागर, विषुववृत्त आणि दोन्ही ध्रुव बोटाने दाखवायला सांगा.
2. एका बैठकीत एकच खंड. दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात करा. तिथे १२च स्वतंत्र देश आहेत आणि तुकडे मोठे असतात.
3. मोठा तुकडा आधी. ब्राझील बसवा. चिली आणि इक्वेडोर हे दोन सोडून त्या खंडातल्या सगळ्या देशांची सीमा ब्राझीलला लागते. मग प्रत्येक तुकडा हातात घेताना विचारा: ‘हा ब्राझीलचा शेजारी आहे का?’
4. नाव घेतल्याशिवाय तुकडा बसवायचा नाही. हा घरचा नियमच करा. नाव, मग एक शेजारी, मग जागा. वेग कमी होईल. तो व्हायलाच हवा.
5. ‘कोण गेलं?’ पूर्ण नकाशातून एक तुकडा गुपचूप काढा आणि रिकाम्या जागेच्या आकारावरून देश ओळखायला लावा. मग दोन काढा, मग चार.
6. आधार काढून घ्या. पाटीवर छापलेल्या सीमांवर कोरा कागद ठेवून त्याच्यावर तुकडे मांडायला सांगा. इथे कळतं, की मूल खाच शोधत होतं की देशाची जागा लक्षात ठेवत होतं.
7. दुसऱ्या दिवशी कोरा नकाशा. पझल न उघडता नकाशाच्या आराखड्यावर नावं लिहायला द्या. बरोबर आलेली सोडून द्या. चुकलेल्या देशांचेच तुकडे पुन्हा बाहेर काढा. आठवड्याने आणि मग महिन्याने हीच चाचणी पुन्हा घ्या.

सातवी पायरी बहुतेक घरांत गळते, आणि सुरुवातीच्या प्रश्नातली मुलगी नेमकी तिथेच अडते. तुकडा समोर दिसणं आणि नकाशा मनातून आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेलाही दुसरीच गोष्ट हवी असते: सीबीएसईच्या दहावीच्या सामाजिक शास्त्राच्या ८० गुणांच्या पेपरात नकाशावर ५ गुण असतात. कोऱ्या नकाशांसाठी ॲव्हेन्यू रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. शाळेसाठी लागणारे आराखडे तिथे सुटे मिळतात.

बेंगळुरूतून जगाकडे जाणारे चार खेळ

नावांची यादी पाठ झाली तरी ती विरते. स्वतःच्या गावाशी धागा जोडला की टिकते. हे चार खेळ करून पाहा.

- तेराव्या अक्षवृत्ताची दोरी. बेंगळुरू साधारण १३ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. पूर्ण जुळवलेल्या नकाशावर विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मध्यापेक्षा किंचित वर एक दोरा आडवा ताणा. पूर्वेला चेन्नई, अंदमानचा उत्तर भाग, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स. पश्चिमेला मंगळूरू, येमेन, इथिओपिया, सुदान, चाड, नायजर, माली, सेनेगल. अटलांटिक ओलांडला की बार्बाडोस. चिक्कमगळूरूचे कॉफीमळे आणि येमेनमधलं कॉफीच्या व्यापाराचं जुनं बंदर मोखा, दोन्ही या दोऱ्याच्या अगदी जवळ येतात. बाबा बुडन यांनी येमेनहून कॉफीच्या बिया आणल्याची परंपरागत कथा इथे सांगता येते.
- सावली नाहीशी होण्याचा दिवस. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास बेंगळुरूत दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. मुलांना गच्चीवर न्या, मग पझलवर विचारा: असं दिल्लीत का होत नाही? दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, हे मूल स्वतः शोधेल.
- उद्यान एक्सप्रेसची राज्यं. मुंबईला जाताना गाडी कर्नाटकातून आंध्रात शिरते, रायचूरला पुन्हा कर्नाटकात येते, कृष्णा स्टेशनापाशी तेलंगणाचा कोपरा गाठते आणि कलबुर्गीनंतर महाराष्ट्रात येते. फक्त या राज्यांचे तुकडे लावायला सांगा. मग हुबळी-बेळगावमार्गे कोल्हापूरचा रस्ता घ्या; तिथे दोनच तुकडे लागतात.
- वेस्ट इंडिज शोधा. क्रिकेटच्या मोसमात हा खेळ रंगतो. तो तुकडा सापडणारच नाही, कारण वेस्ट इंडिज हा देश नाही. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद-टोबॅगो असे अनेक देश मिळून तो संघ होतो, आणि त्यातला गयाना तर दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे.

शाळेत इंग्रजी आणि कन्नड, घरात मराठी, असं असेल तर तुकड्याच्या मागे पेन्सिलीने देशाचं नाव मराठीत लिहा. दोन्ही नावं मुलांच्या तोंडी बसतात.

विकत न घेता घरी बनवायचं असेल तर

भारताचं पझल घरी सहज होतं, आणि कापतानाच अर्धा अभ्यास होतो.

1. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून भारताचा राजकीय नकाशा मोफत उतरवून घ्या. सीमांची चिंता उरत नाही.
2. त्याच्या दोन मोठ्या रंगीत प्रती काढा: एक कापायला, एक पाटीवर चिकटवायला.
3. कापायची प्रत जाड पुठ्ठ्यावर किंवा फोमशीटवर फेविकॉलने चिकटवा. वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर वाळू द्या, नाहीतर कडा उचकटतात.
4. राज्यांच्या सीमांवर कापा. कटर मोठ्यांनीच चालवावा. लहान मुलांना गोलटोकी कात्री आणि मोठी राज्यं द्या. गोवा, सिक्कीम, दिल्ली यांना थोडी कड सोडून कापा, म्हणजे ती हाताला लागतील.
5. मागे क्रमांक घाला आणि झाकण बसणाऱ्या डब्यात ठेवा.

ज्या नकाशाची प्रत तुम्ही कापताय त्यामागच्या मोजणीशी बेंगळुरूचा जुना संबंध आहे, हेही मुलांना सांगा. १८०२ मध्ये मद्रासहून महात्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करण्यापूर्वी विल्यम लॅम्बटन यांनी १८०० साली आपली पायारेषा बेंगळुरूजवळ मोजली होती.

नेहमी होणाऱ्या चुका

- घड्याळ लावणं. वेळेची शर्यत लावली की मूल नावं सोडून खाचा शोधतं. शर्यत लावायचीच तर कोऱ्या नकाशावर किती नावं बरोबर आली याची लावा.
- उलटे तुकडे वापरणं. रंग दिसू नयेत म्हणून काही पालक तुकडे पालथे करून खेळवतात. त्याने आकार आरशातल्यासारखा उलटतो आणि चुकीचा आकार डोक्यात बसतो. रंग लपवायचे तर पाटी झाका, तुकडे उलटवू नका.
- पूर्ण पझल फ्रेम करून भिंतीवर लावणं. चिकटवलेलं पझल शोभेचं होतं. त्याचा अभ्यास तिथेच संपतो.
- एकदम मोठा डबा घेणं. हजार तुकडे पाहून मूल दडपतं आणि डबा कपाटात जातो.
- मुलांना एकटं सोडणं. ‘शेजारी कोण?’ हे विचारायला समोर माणूस लागतो. आजी-आजोबा गावाहून आले असतील तर हे काम त्यांना आनंदाने द्या.

तुकडा कमी निघाला, नकाशा चुकला: तुमचे हक्क

पझलमध्ये एक तुकडा नसणं हा वस्तूतला दोष आहे, आणि दोष असलेली वस्तू परत करण्याचा हक्क तुम्हाला आहे. क्रमाने असं करा.

1. पुरावा ठेवा. बिल, डब्याचा फोटो आणि शक्य असेल तर डबा उघडतानाचा व्हिडिओ. डब्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, किरकोळ कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणं बंधनकारक आहे; नसेल तर तीही तक्रार होऊ शकते.
2. विक्रेत्याला लेखी कळवा. ऑनलाइन खरेदीत माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं.
3. १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.
4. जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दुसऱ्या राज्यात असला तरी बेंगळुरूतच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही.
5. आयएसआय चिन्ह खोटं किंवा गायब असेल तर बीआयएस केअर ॲपवरूनच तक्रार नोंदवता येते.

वापरताना तुकडा हरवला असेल तर मात्र दाद मागता येणार नाही. अशा वेळी रिकाम्या जागेवर पातळ कागद ठेवून तिची कड गिरवा, पुठ्ठ्यावर कापा आणि रंगवा. तो देश मुलांच्या लक्षात सर्वांत पक्का राहील.

शेवटी

महागडं पझल हवंच असं नाही. सीमांवर कापलेला, ताजा आणि बरोबर सीमांचा एक साधा नकाशा, नाव घेण्याचा नियम आणि दुसऱ्या दिवशीचा कोरा कागद एवढ्यावर जगाचा नकाशा मुलांच्या मनात उभा राहतो. हे घरात होत नसेल तर सोसायटीच्या वाचनालयात किंवा गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात चार कुटुंबं मिळून एक डबा ठेवा आणि आलटून पालटून न्या. या रविवारी दक्षिण अमेरिकेपासून सुरुवात करा. सोमवारी कोरा नकाशा द्यायला विसरू नका.